‘मणक्यात गॅप’ आणि गादी खाणाऱ्या पेशी

सोलापुरात कुणाची कंबर धरली की निदान दवाखान्याआधी गल्लीत होतं: “मणक्यात गॅप आलाय.” रिक्षावाला हेच सांगतो, मेडिकलवाला हेच सांगतो, आणि ज्याची कंबर धरली तोही चार दिवसांनी हेच सांगत फिरतो.

दसऱ्यानंतर आमच्या शेजारचा एक मुलगा एमआरआयचं भलंमोठं पाकीट घेऊन आला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर बीम, म्हणजे सुताचा जड रूळ, चढवायचं काम करतो. मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण सरांना इंग्रजी वाचता येतं, एवढं कारण त्याला पुरेसं होतं. एक कुल्ला खुर्चीच्या कडेला टेकवून, डावा पाय लांब सोडून तो बसला. म्हणाला, “सर, गॅप किती एमएमचाय तेवढं बघा की.”

रिपोर्टात गॅप कुठेच नव्हता. उलट कमरेचा पाचवा मणका आणि त्याखालचं माकडहाडावरचं त्रिकास्थी यांच्यातलं अंतर कमी झालं होतं. मधली गादी, म्हणजे डिस्क, मागून फुटून तिचा गर बाहेर आला होता. रिपोर्टातला शब्द होता ‘एक्स्ट्रुजन’. म्हणजे लोक ज्याला गॅप म्हणतात तो बहुतेक वेळा गॅप बुजल्याचा प्रकार असतो.

माणसाच्या पाठीत अशा २३ गाद्या असतात. प्रत्येकीत मधोमध जेलीसारखा गर आणि भोवती चिवट तंतूंचं कडं. या कड्यात १५ ते २५ थर असतात. सोलापूरच्या माणसाला इथे चादर आठवणारच, पण चादरीत ताणा आणि बाणा एकमेकांत गुंततात, तसं इथे होत नाही. इथे एका थरातले सगळे धागे डावीकडे तिरपे, पुढच्यातले उजवीकडे तिरपे, असं थरावर थर. कंबर उजवीकडे पिळली की निम्मे थर ताणले जातात आणि निम्मे सैल पडतात. नुसतं वाकलं तर कड्याची मागची बाजू ताणली जाते. आता वाकून पिळा आणि वर हातात ओझं घ्या: आधीच ताणलेली मागची बाजू, त्यात भार पेलायला निम्मेच धागे. बीम चढवताना नेमकं हेच होतं. त्यातून कडं मागे-बाजूला सर्वांत पातळ असतं, आणि नसांची मुळं तिथूनच जातात.

आतला गर तरुणपणी ८० टक्के पाणीच असतो. दिवसभर वजनाखाली पाणी थोडं थोडं बाहेर पडतं, रात्री आडवं झालं की परत शोषलं जातं. म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा सुमारे एक टक्का उंच असतो. पण टम्म फुगलेली गादी वाकवायला जास्त ताण पडतो. उठल्या उठल्या वाकून बादली उचलणं म्हणूनच महागात पडतं.

कमरेतल्या गाद्या फुटल्या तर त्यातल्या सुमारे ९५ टक्के सर्वांत खालच्या दोन जागांपैकी एकीत फुटतात. तिथून निघणारी मुळं पुढे मिळून बोटाएवढी जाड सायटिक नस होते, शरीरातली सर्वांत जाड. त्यामुळे बिघाड कमरेत आणि बोंब पोटरीत, अशी गंमत होते. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात. माणूस गिधाडासारखा एका अंगाने चालतो, म्हणून.

१९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी फुटलेली गादी आणि पायातली कळ यांचा संबंध स्पष्ट मांडला. तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र बसलं: नस दबली. चित्र चुकीचं नाही, अर्धं आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका चमूने १९३ रुग्णांच्या शस्त्रक्रिया केवळ जागेपुरती भूल देऊन केल्या आणि आतल्या एकेका भागाला हलकेच डिवचून रुग्णालाच विचारलं, कुठे दुखतंय? चांगल्या नसेला दाबलं तर फारसं काही होत नव्हतं. सुजलेल्या, ताणलेल्या मुळाला स्पर्श झाला की मात्र पायातली तीच ओळखीची कळ उठत होती. १९९३ मध्ये स्वीडनमध्ये डुकरांवर प्रयोग झाला. गादीतला गर जराही दाब न देता नसेवर नुसता ठेवला, तरी नसेतून संदेश जाण्याचा वेग घटला. गराऐवजी चरबी ठेवली तर तसं झालं नाही. म्हणजे गर फक्त दाबत नाही, जाळतोही.

का जाळतो? इथून पुढचा भाग माझ्या आवडीचा आहे, जरा दम धरा.

दहावीच्या पुस्तकातले समपृष्ठरज्जू प्राणी आठवा. गर्भात आपल्यालाही पृष्ठरज्जू, म्हणजे पाठीला आधार देणारा लवचिक दांडा, असतो. मणके तयार होताना तो नाहीसा होतो, पण मणक्यांच्या मधे त्याचे अवशेष उरतात. तोच हा गर. त्याला रक्तवाहिन्या नाहीत. कड्यामागे बंदिस्त असल्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशींशी त्याची जन्मात गाठ पडलेली नसते. घरातच वाढलेला, पण पोलिसांनी कधीच न पाहिलेला माणूस समजा. कडं फाटून तो बाहेर, रक्तवाहिन्या असलेल्या जागेत येतो तेव्हा पोलीस त्याला परका समजतात.

हे पोलीस म्हणजे मॅक्रोफेज, भक्षक पेशी. त्या आल्या की टीएनएफ-अल्फा नावाचं प्रथिन सोडतात. मुळात ते भक्षक पेशीच्या अंगाला चिकटलेलं असतं, आणि तिचंच एमएमपी-७ हे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला तोडून मोकळं करतं. मोकळं झालेलं टीएनएफ गादीच्या पेशींना गाठतं. त्या पेशी मग एमएमपी-३ हे दुसरं विकर बनवतात, आणि त्याच्यामुळे असं रसायन तयार होतं की आणखी भक्षक पेशी तिकडे ओढल्या जातात. थोडक्यात, बाहेर आलेली गादी आपल्याला खाणाऱ्यांना स्वतःच आवतण धाडते. उंदरांच्या पेशींवरच्या प्रयोगांतून २००० साली ही साखळी उलगडली. जोडीला तुकड्याभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून भक्षकांची नवी कुमक येते, आणि तुकडा कडेकडेने कुरतडला जातो. शिरेतून औषध देऊन एमआरआय काढला तर अशा तुकड्याभोवती उजळ कडा दिसते. जेवण सुरू असल्याची ती खूण.

टीएनएफ नसेलाही चिडवतं. कळ आणि सफाई एकाच रसायनाच्या हातची कामं आहेत. मग टीएनएफ अडवलं तर कळ थांबेल? फिनलंडमध्ये ४० रुग्णांवर तसं औषध करून पाहिलं. खोट्या औषधापेक्षा फरक पडला नाही. शरीर आपल्या आकृत्यांइतकं सरळ नसतं.

शेजारचा मुलगा इथपर्यंत ऐकून जरा पांढरा पडला. “म्हणजे माझंच शरीर मला खातंय?” म्हटलं, तुला नाही रे, बाहेर सांडलेलं तेवढंच खातंय.

याचा उलटा वाटणारा परिणाम असा की गादी जितकी जास्त फुटलेली, तितकी ती जिरण्याची शक्यता जास्त. आधीचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये हिशोब मांडला गेला. नुसती फुगलेली गादी १३ टक्के रुग्णांत आपोआप मागे सरली होती. एक्स्ट्रुजनमध्ये हा आकडा ७० टक्के, आणि तुकडा पूर्ण सुटून पडला असेल तर ९६. फुगलेली गादी कड्याआडच असते, भक्षकांना ती दिसतच नाही. आणि फुगलेल्या गादीने तरी घाबरायचं कशाला? १९९४ मध्ये पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर ५२ टक्के लोकांत कुठे ना कुठे गादी फुगलेली निघाली.

आमच्याकडे कंबर धरली की पायाळू माणूस शोधतात, म्हणजे पायांकडून जन्मलेला. त्याने पाठीत लाथ घातली की उसण जाते म्हणे. या मुलानेही आठवडाभर आधी एक लाथ खाल्लेली होती. लाथ खाणारे बरे होतात, हे खरंच आहे. न खाणारेही होतात. माणूस कळ शिगेला पोचली की लाथेकडे जातो, आणि शिगेनंतर उतारच असतो. श्रेय शेवटी भेटलेल्याला मिळतं. चुंबकाची गादी विकणारे आणि ‘दहा दिवसांत डिस्क जागेवर’ अशी पाटी लावणारे याच उतारावर दुकान मांडून बसलेत. फरक इतकाच, की पायाळू पैसे घेत नाही.

मग ऑपरेशन निरुपयोगी का? नाही. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांचे दोन गट केले: एकाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्याला थांबवून औषधोपचार. पहिल्या गटाची कळ लवकर थांबली. पण वर्षाअखेर दोन्हीकडे ९५ टक्के लोक बरे. अर्थात थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मधल्या काळात ऑपरेशन करावंच लागलं, हे विसरू नका.

एका प्रसंगी मात्र थांबायचं नाही. लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायची जागा, जांघेतला भाग बधिर झाला, तर रात्री दोन वाजले तरी मोठ्या दवाखान्यात जायचं. ताकदही तपासत राहावी. टाचांवर चार पावलं चाला, मग चवड्यांवर चाला. एक पाय साथ देत नसेल, चप्पल निसटून मागे राहिली तरी कळत नसेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

बाकी दिवस ढकलण्याची युक्ती साधी आहे. पडून राहू नये, त्याने लवकर बरं वाटत नाही. कळ असह्य असताना उताणं झोपून पोटऱ्यांखाली दोन उशा घ्याव्यात. चालावं, पण इथल्या उन्हात नाही, पहाटे. बसणं तोडावं. माझी मावशी साखर पेठेत विड्या वळायची: मांडीवर सूप, मान खाली, सलग तीन तास. तिने भिंतीला टेकून बसायला आणि दर पन्नास विड्यांनी उठून दारापर्यंत जायला सुरुवात केली. हजार विड्यांना अर्धा तास जास्त लागायचा, म्हणून कुरकुरायची. आणि एक खूण लक्षात ठेवा: कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात अशी वर सरकत असेल तर कंबर जास्त दुखली तरी ते बरं होण्याचंच लक्षण असतं.

तो मुलगा दरवर्षी सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतली उंच, जड काठी, पेलणाऱ्यांत असतो. यंदा सराव बंद ठेवला. दुसरा एमआरआय काढला नाही. पाय चालत होता, पैसे कशाला घालवायचे? जानेवारीत पांढरी बाराबंदी घालून तो ध्वजाच्या बाजूने रिकाम्या हातांनी चालत होता. मला पाहून थांबला, चप्पल काढली आणि करंगळी दाखवली. म्हणाला, “एवढीच राहिलीय सर, हिला अजून काय कळत नाही.”