कडकनाथ की ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प? पिसं नंतर, कातडी आधी

डालग्यात काळीभोर कोंबडी दिसली की विकणारा बेधडक ‘कडकनाथ’ सांगतो आणि घेणारा तेवढा भाव मोजतो. पुष्कळदा ती ब्लॅक ऑस्ट्रेलॉर्प निघते, नाहीतर संकर. ऑस्ट्रेलॉर्पही गुणाचीच जात आहे, पण दोघींचा काळेपणा मुळातच वेगळा.

ऑस्ट्रेलॉर्प फक्त पिसांनी काळी. इंग्लंडहून नेलेल्या काळ्या ऑर्पिंग्टन जातीच्या कोंबड्यांमधून ऑस्ट्रेलियात अंड्यांसाठी निवड करत ही जात घडली. १९२२-२३ च्या एका स्पर्धेत सहा कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १,८५७ अंडी दिली होती. प्रदर्शनात तिची पिसं उन्हात धरून बघतात. काळ्यावर हिरवी झाक हवी. जांभळी झाक किंवा जांभळे पट्टे आले की गुण कापले जातात. तुरा आणि कानाची पाळी लालबुंद, कातडी पांढरी. पायाची नळी मात्र गडद असते आणि लोक फसतात ते तिथेच.

म्हणून पाय उलटा करून तळवा बघावा. ऑस्ट्रेलॉर्पचा तळवा पांढरा, कडकनाथचा पाटीच्या दगडासारखा करडा-काळा. मग चोच उघडून जीभ बघायची: कडकनाथची जांभळट-काळी. शेवटी पोटावरच्या पिसांत फुंकर मारायची. खालची कातडी गोरी दिसली तर विषय संपला. कडकनाथचा काळा रंग आत मांस, हाडं आणि आतड्यांपर्यंत मुरलेला असतो, कारण ईडीएन३ हे जनुक असलेला भाग दुप्पट झाल्यामुळे रंगपेशी शरीरभर पसरतात. रक्त मात्र लालच असतं आणि अंडं फिकट तपकिरी. ‘काळं अंडं, काळं रक्त’ असं सांगून कोणी विकत असेल तर सरळ पुढे चालू पडावं.

पिसांवर विसंबणाऱ्यांची पंचाईत अशी, की कडकनाथचे तीन प्रकार आहेत: पूर्ण काळा, पांढरट रेघांचा आणि सोनेरी. मानेवर सोनेरी पिसं असलेला कोंबडा अस्सल असू शकतो आणि कोळशासारखी काळी तलंग (तरुण कोंबडी) बनावट. सोनेरी पक्षी ‘भेसळ’ म्हणून कापून टाकणं मला फार खटकतं. त्यात जातीचाच एक रंग जातो.

अंगानेही दोघी वेगळ्या. कडकनाथ कोंबडा साधारण १.८ ते २ किलोचा, कोंबडी दीड किलोच्या आत. ऑस्ट्रेलॉर्प यापेक्षा खूप भारी आणि रुंद छातीची. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, धार, अलीराजपूरच्या भिल्ल-भिलाला पाड्यांवरची कडकनाथ चपळ, पण खुडूक बसायला कच्ची, म्हणून तिची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवतात. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेही काळ्या मांसासाठी, पिसांसाठी नव्हे.

संकर ओळखणं सर्वांत अवघड. काळेपणा पुढच्या पिढीत उतरतो, पण दुसऱ्या जातीकडून आलेलं जनुक तो दाबूही शकतं. मग कातडी फिकट करडी किंवा ठिपक्याठिपक्यांची होते, तुऱ्यात लाली डोकावते. असा पक्षी खायला ठेवा, पैदाशीला नको.

पिल्लं घेताना ऑस्ट्रेलॉर्पचं पिल्लू पोटाखाली पिवळट-पांढरं असतं, एवढी खूण उपयोगी पडते. संकर तिथेही चकवतो. त्यामुळे पिल्लांआधी आईबाप दाखवायला सांगा आणि त्यांचे तळवे स्वतः उलटून बघा.