भडास काढली की डोकं शांत होतं? उलटंच होतं

‘साहेब सगळ्यांसमोर बोलले ना? चल सराफ्यातल्या खाऊगल्लीत, सगळं ओकून टाक, मोकळा होशील.’ इंदूरच्या मराठी घरांतही हा सल्ला वर्षानुवर्षं चालत आलाय. त्यामागची कल्पना प्रेशर कुकरची: वाफ सोडली की दाब उतरतो. राग तसा चालत नाही.

२००२ साली मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी ६०० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. त्यांना आधी मुद्दाम चिडवलं. चिडवणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे नंतर सर्वांत आक्रमक वागले. दोन मिनिटं नुसते बसून राहिलेले सर्वांत कमी. प्रसंग पुन्हा रंगवून सांगताना छाती पुन्हा धडधडते, अंगाला भांडण चालूच आहे असं वाटतं. भुट्ट्याचा कीस एक प्लेट, अपमान मात्र चार वेळा वाढलेला!

ऑफिसातून निघण्यापूर्वी कागदावर दोन ओळी लिहा: नेमके शब्द, आणि उद्या काय करायचं. कागद ड्रॉवरमध्येच ठेवा. (रोजचंच असेल तर तारीख, वेळ, कोण हजर होतं तेही, तक्रारीला हेच कामी येतं.) घरी आल्यावर पाच मिनिटं चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. जोरात ओढला तर गरगरतं, तेव्हा हळू. धावणं तब्येतीला छान, पण धडधड वाढवतं. रागावर तो लगेचचा उतारा नाही. ऑफिसचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सकाळपर्यंत म्यूट. बोलायचंच तर एकदाच, आणि ‘उद्या काय करू?’ हे विचारायला.