पन्नास हजार झाले, म्हणून इंजिन संपलं?

‘बाइक पन्नास हजार किलोमीटर पळाली की इंजिन संपलं, वेळेत विकून मोकळे व्हा.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. म्हणून आवडती स्पोर्ट-टूरिंग (लांब पल्ल्याच्या वेगवान प्रवासाची) गाडी न सोडणारा हट्टी ठरतो.

पण आकड्यापेक्षा ते किलोमीटर कसे झाले हे महत्त्वाचं. इंजिनाची बरीचशी झीज गार असताना सुरू करताना आणि तापेपर्यंत होते. पुणे-कोल्हापूर सव्वादोनशेच्या वर किलोमीटर एकदा तापलेल्या इंजिनावर होतात. तेवढेच पुण्यातल्या पुण्यात कोथरूड-डेक्कन करत भरायचे तर कितीतरी गार स्टार्ट, शिवाय सिग्नलला क्लचची दमछाक वेगळी. वेळेवर ऑइल आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट) बघितलेलं टूरिंग इंजिन लाखभर किलोमीटर सहज जातं.

तपासायचं कसं? रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करा, सायलेन्सरमागे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ थोड्या वेळात विरली तर काळजी नाही. शंका उरली तर मेकॅनिककडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. चेन, बेअरिंग, रबरी नळ्या झिजणारच, त्या बदलता येतात.

सुटे भाग मिळतात का, हे मात्र पुण्यात नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत आधीच विचारून ठेवा. धडधाकट गाडी बहुतेकदा भाग न मिळाल्यापायीच विकावी लागते.