रेलिंगला हूक का लावू नये?

सेफ्टी बेल्टचा हूक रेलिंगच्या वरच्या पाइपात खट्टकन बसतो. त्या आवाजाने माणूस निर्धास्त होतो आणि माझ्या पोटात गोळा येतो.

रेलिंग आणि अँकर (बेल्टचा हूक अडकवायची भक्कम जागा) यांत घोटाळा होतो, कारण दोन्ही लोखंडीच आणि दोन्ही पडण्यापासून वाचवायलाच. पण रेलिंग माणसाला कडेवरून जाऊ देत नाही. अँकर पडलेल्या माणसाला हवेत झेलतो. कामं वेगळी, म्हणून ताकदही वेगळी.

अमेरिकेतल्या 'ओशा'चे (OSHA, कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) बांधकामाचे नियम पाहा. वरचा पाइप साधारण ४२ इंचांवर हवा आणि त्याने बाहेरच्या किंवा खालच्या दिशेने २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो जोर सोसायला हवा. तोल जाऊन टेकलेल्या धडधाकट माणसाचा हा हिशेब. मधल्या पाइपाला १५० पौंड पुरतात. अँकरला मात्र दर माणशी ५,००० पौंड लागतात, सुमारे २,२७० किलो. पंचवीस पट! (जाणकार इंजिनिअरने पूर्ण यंत्रणेचं डिझाइन केलं असेल, तर पडताना येणाऱ्या जोराच्या दुप्पट ताकदही चालते.)

इतकी कशाला? ८० किलोचा माणूस सहा फूट पडला आणि एका फुटात थांबला, तर दोरीवर सरासरी ताण त्याच्या वजनाच्या सातपट येतो, म्हणजे ५६० किलो. शिखराचा झटका त्याहून मोठा. ९० किलोच्या हिशेबाने बसवलेला कठडा तिथे काय टिकणार? शिवाय रेलिंग कमरेच्या उंचीवर आणि बेल्टची कडी पाठीवर, त्याहून वर. सहा फुटी दोरी असेल तर माणूस सहा फुटांपेक्षा जास्तच पडतो, आणि ओशाची मर्यादा सहा फुटांचीच आहे.

एकदा सहाव्या मजल्यावर शाफ्टच्या कडेचा कठडा मी हलवून पाहिला. खांबाच्या तळाच्या क्लॅम्पचा नट नुसत्या बोटांनी फिरला. त्याला पाना लागलाच नव्हता. त्याच पाइपाला दोन प्लास्टरवाल्यांचे हूक होते.

"दादा, आधी आत या, मग हूक काढा."

"घट्ट आहे साहेब, रोज इथेच लावतो."

मी त्यांच्यासमोर तोच नट पुन्हा बोटांनी फिरवला. दोघंही न बोलता आत सरकले. मग आरसीसी कॉलमला स्लिंग गुंडाळली, दोघांचे हूक तिथे दिले आणि फिटरला पाना घेऊन वर बोलावलं.