आय-१३० मधले पाच वर्षांचे पत्ते: कुठले लिहायचे, कुठले नाही

नवरा किंवा बायकोला अमेरिकेत आणायचा अर्ज, म्हणजे आय-१३०, भरताना सगळे जण लग्नाचे फोटो आणि जॉइंट अकाउंटच्या मागे लागतात आणि पत्त्यांचा भाग दहा मिनिटात उरकून टाकतात. मीही तेच केलं होतं, आणि सबमिट करायच्या आदल्या रात्री डोक्याला हात लावून बसलो. म्हणून आज फक्त पत्त्यांबद्दल.

आधी थोडक्यात, कोण काय भरतं. अर्ज करणारा अमेरिकन सिटिझन किंवा ग्रीन कार्ड होल्डर हवा, लग्न कायदेशीर झालेलं हवं. तो किंवा ती आय-१३० भरते, आणि जोडीदाराची माहिती आय-१३०ए मध्ये जाते. जोडीदार अमेरिकेबाहेर असेल तर आय-१३०ए वर सही लागत नाही, पण फॉर्म भरून जोडावा लागतोच, सही नाही म्हणजे फॉर्मच नको असं समजू नका. दोघांचेही गेल्या ५ वर्षांचे पत्ते विचारतात, आत्ताचा सगळ्यात वर आणि तिथून मागे मागे जायचं, देश कुठलाही असो.

आता मुख्य गोष्ट. फॉर्ममध्ये विचारतात ते "फिजिकल अॅड्रेस", म्हणजे तुम्ही खरंच कुठे राहत होतात. आधारवर काय आहे, पासपोर्टच्या शेवटच्या पानावर काय छापलंय, बँकेची पत्रं कुठे जातात, त्याचा इथे संबंध नाही. आपल्याकडे काय होतं की पोरगी चार वर्षं नोकरीसाठी दुसऱ्या शहरात पीजीमध्ये राहते पण सगळ्या कागदांवर पत्ता आईवडिलांचा, मग फॉर्म भरताना तोच एक पत्ता पाचही वर्षांसाठी टाकून मोकळे, आणि खाली एम्प्लॉयमेंट हिस्टरीत ऑफिस भलत्याच शहरात. वाचणाऱ्याला प्रश्न पडणारच ना, ही रोज येऊन जाऊन करत होती का? पीजी, हॉस्टेल, मित्रासोबत शेअर केलेला फ्लॅट, भावाकडे काढलेले आठ महिने, हे सगळे पत्तेच आहेत, अॅग्रीमेंटवर नाव नसलं तरी. पत्रव्यवहाराचा पत्ता वेगळा असेल तर त्याला वेगळा रकाना आहे.

लग्नानंतर माहेर आणि सासर असं आलटून पालटून राहणं झालं असेल तर जिथे मुख्य मुक्काम होता तो पत्ता लिहा, आठ दिवस माहेरी गेली म्हणून नवीन ओळ नको. फिरायला गेलेले तीन आठवडेही पत्ता होत नाही. पण व्हिजिटर व्हिसावर येऊन नवऱ्याकडे पाच महिने राहिली असेल तर मी तरी ते लिहीन, कारण ती एंट्री अमेरिकन इमिग्रेशनच्या रेकॉर्डला आहेच.

कागदी फॉर्मवर दोनच पत्त्यांना जागा आहे. तिसऱ्यापासून पुढचे शेवटच्या अॅडिशनल इन्फर्मेशनच्या पानावर, पेज नंबर, पार्ट नंबर आणि आयटम नंबर टाकून. जागा नाही म्हणून दोन पत्ते ताणून पाच वर्षं भरवू नका.

आता माझी गंमत. बायकोने तिच्या तारखा मला मेसेज केल्या, जुनी रूम ०४/०७/२०२१ ला सोडली, नवीन रूम ०५/०७/२०२१ पासून. मी तशाच टाकल्या. फॉर्मला तारीख लागते ती महिना, दिवस, वर्ष अशी. म्हणजे ४ जुलै आणि ५ जुलै चं झालं ७ एप्रिल आणि ७ मे, आणि कागदावर बाई महिनाभर कुठेच राहत नव्हती. फॉर्मने काही एरर दिली नाही, देणारही नाही, दोन्ही तारखा व्हॅलिड आहेत. त्यामुळे सगळं भरून झालं की एका पत्त्याची शेवटची तारीख आणि पुढच्याची पहिली तारीख बोट ठेवून जुळवून बघा, मध्ये फट नको.

तारखाच आठवत नसतील तर जुने मेल शोधा. डिपॉझिट परत आल्याची बँक एंट्री, ऑफर लेटर, ऑनलाइन ऑर्डरचे जुने डिलिव्हरी पत्ते, यातून बरंच सापडतं. अमेरिकेत येणंजाणं झालं असेल तर आय-९४ (अमेरिकेत आल्या-गेल्याची सरकारी नोंद) च्या साइटवर ट्रॅव्हल हिस्टरी दिसते. तरीही नेमका दिवस मिळाला नाही तर जवळची तारीख टाका आणि अॅडिशनल पानावर ती अंदाजे आहे असं साधं लिहून द्या. प्रामाणिक अंदाज आणि मुद्दाम लपवणं यात खूप फरक आहे. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली तर कायमची बंदी लागू शकते, आणि खाली सही असते ती खोटं असेल तर शिक्षेला पात्र या अटीवर.

अजून तीन रकाने आहेत जिथे लोक गडबडतात. एक, अमेरिकेबाहेरचा शेवटचा पत्ता जिथे एक वर्षापेक्षा जास्त राहिलात, तो वर लिहिला असला तरी इथे परत लिहायचा. दोन, दोघं एकत्र राहिलात तो शेवटचा पत्ता. लग्न झालं आणि व्हिसामुळे एकत्र राहणं जमलंच नाही तर फॉर्मच सांगतो की "नेव्हर लिव्ह्ड टुगेदर" लिहा, यात लाजण्यासारखं काही नाही, उगाच सासरचा पत्ता घुसडू नका. तीन, जोडीदाराची लिपी रोमन नसेल तर नाव आणि परदेशातला पत्ता मूळ लिपीत, म्हणजे आपल्यासाठी चक्क देवनागरीत. मला ते पान बघून उगाचच बरं वाटलं.

कागदांचं म्हणाल तर पत्त्यांचे पुरावे वेगळे जोडायला सांगत नाहीत, पण लग्न खरं असल्याचे पुरावे म्हणून जे लीज, बिलं, स्टेटमेंट जोडता त्यांवर पत्ता आणि महिना असतो, तो फॉर्मशी जुळला पाहिजे.

आणि भरलेल्या फॉर्मची कॉपी जपून ठेवा, कारण जोडीदार भारतात असेल तर पुढे डीएस-२६०, म्हणजे इमिग्रंट व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, येतो आणि तिथे पाच वर्षं नाही, वयाच्या १६ व्या वर्षापासूनचे सगळे पत्ते मागतात. त्यावरूनच पोलीस सर्टिफिकेट कुठल्या देशांचं लागेल ते ठरतं. १६ वर्षांनंतर आधीच्या एखाद्या देशात १२ महिने किंवा जास्त राहणं झालं असेल तर तिथलं लागतं, भारतीय नागरिक १६ नंतर भारतात ६ महिने किंवा जास्त राहिला असेल तर भारताचं, ते पासपोर्ट ऑफिसमधून काढायचं. ऑनसाइटला दुसऱ्या देशात दीड वर्ष काढलं असेल तर ते सर्टिफिकेट मागवायला आत्ताच लागा, काही देश फार वेळ घेतात.

अर्ज टाकल्यावर घर बदललं तर जुना फॉर्म चुकीचा होत नाही, फक्त नवीन पत्ता कळवायचा. अर्ज करणारा ग्रीन कार्डवर असेल तर त्याला तसंही घर बदलल्यापासून १० दिवसांत कळवणं बंधनकारक आहे, एआर-११ या पत्ताबदलाच्या फॉर्मने, ऑनलाइन होतं आणि फी नाही.