नख पिवळं पडलं म्हणजे कॅल्शियम कमी?

"पायाचं नख पिवळं, जाड झालं म्हणजे अंगात कॅल्शियम कमी" हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. नख हाडासारखं टणक, म्हणून तसं वाटणं साहजिक आहे. पण नख बनतं केराटिन या प्रथिनाचं. त्यात कॅल्शियम अगदी नगण्य असतं.

बहुतेक वेळा कारण असतं बुरशी. तिला ऊब आणि ओल लागते. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे केळीच्या बागेत राबणाऱ्याचे पाय दिवसभर ओल्या गमबुटात असले, की आधी बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि तिथूनच बुरशी नखाखाली शिरते. ठेच लागून नख उचललेलं असेल तर तिला वाट आयतीच मिळते. वाढतं वय आणि मधुमेह यांनीही धोका वाढतो.

मात्र प्रत्येक जाड नख बुरशीचं नसतं. सोरायसिस या त्वचारोगाने किंवा जुन्या माराने नख असंच दिसतं. म्हणून त्वचारोगतज्ज्ञ नखाचा तुकडा आणि त्याखालचा भुगा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात. आधी ही तपासणी, मग औषध. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला १२ ते १८ महिने लागतात, तेव्हा लगेच फरक दिसला नाही म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध सोडू नका. मधुमेह असेल तर पाय दाखवायला उशीर नकोच.