एसएसडीची निवड, गेमिंग संगणकासाठी

नव्या गेमिंग संगणकात ऑपरेटिंग सिस्टीम आणि गेम ज्यावर राहणार, ती एसएसडी (सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी ड्राइव्ह) कोणत्या जोडणीची, किती क्षमतेची आणि कोणत्या प्रतीची घ्यायची याचा निर्णय. तयार संगणक घेणाऱ्यापुढे हा प्रश्न सहसा येत नाही. सुटे भाग घेऊन जुळवणाऱ्यापुढे येतोच. इंदूरमध्ये सुट्या भागांसाठी लोक आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये किंवा जेल रोडच्या नॉव्हेल्टी मार्केटमध्ये जातात. मराठी घरांत ही खरेदी कधी बारावीच्या निकालानंतर होते, कधी दसरा-दिवाळीला. मुलगा किंवा मुलगी यादी करते, वडील बेरीज करतात, आणि बेरीज वर गेली की पहिली कात्री एसएसडीला लागते. कात्री लावायला हरकत नाही, पण ती वेगाला लावावी, क्षमतेला नाही.

एसएसडीत फिरणारा भाग नसतो. नँड फ्लॅश चिपमधल्या सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभार अडकवून माहिती ठेवलेली असते आणि वीज बंद झाली तरी ती टिकते. फ्लॅश स्मृती तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी शोधली; तिची नँड रचना १९८७ मध्ये मांडली गेली. हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवर वाचनशीर्ष योग्य जागी पोहोचण्यातच काही मिलिसेकंद जातात. एसएसडीला त्याच कामाला मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. गेम उघडताना हजारो तुकडे ठिकठिकाणांहून गोळा करावे लागतात, म्हणून हार्ड डिस्क सोडून एसएसडीवर आल्यावर जो फरक पडतो, तेवढा पुढच्या कुठल्याच पायरीवर पडत नाही.

जोडणीबाबत सर्वात जास्त गोंधळ ‘एम.२’ या शब्दाने होतो. एम.२ हा आकार आहे, वेग नव्हे. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब अशी च्युइंगमच्या पट्टीसारखी ही पाटी (म्हणून ‘२२८०’) आतून साटा (हार्ड डिस्कसाठीही वापरली जाणारी जुनी जोडणी) असू शकते किंवा एनव्हीएमई. साटाचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो. एनव्हीएमई हा २०११ मध्ये आलेला प्रोटोकॉल पीसीआयई या मदरबोर्डावरच्या वेगवान जोडणीच्या चार लेन (माहितीच्या वाटा) वापरतो, आणि त्या लेन कोणत्या पिढीच्या आहेत यावर वेग ठरतो : तिसऱ्या पिढीत सुमारे ३,५०० एमबी, चौथीत ७,००० पर्यंत, पाचवीत १४,००० च्या घरात. नवी पाटी जुन्या खाचेत चालते, पण खाचेच्या वेगाने. येथे प्रोसेसरकडेही पाहावे लागते. ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी घेऊ म्हणून अनेक जण अंगभूत ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी निवडतात. मदरबोर्ड चौथी पिढी चालवू शकणारा बी५५० असला तरी हा प्रोसेसर पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीपर्यंतच जातो. त्याच्याबरोबर चौथ्या पिढीची महाग ड्राइव्ह घेणे म्हणजे निम्म्या वेगाचे पैसे तसेच पडून राहणे. पुढे प्रोसेसर बदलायचे पक्के असेल, तरच तो खर्च समजण्यासारखा आहे.

खोक्यावरचा मोठा आकडा हा एकसलग मोठी फाइल वाचण्याचा वेग असतो. गेम तसा वाचत नाही. तो लहान तुकडे मागतो, ते बरेचदा आक्रसलेले (कॉम्प्रेस केलेले) असतात, प्रोसेसरला ते उलगडावे लागतात आणि मग ग्राफिक्स कार्डाच्या स्मृतीत पाठवावे लागतात. ड्राइव्ह कितीही धावली तरी मधल्या या कामाचा वेळ उरतोच. म्हणून आजच्या बहुतेक गेममध्ये साटा आणि एनव्हीएमई यांच्यातला फरक काही सेकंदांचा असतो, आणि चौथ्या व पाचव्या पिढीतला फरक घड्याळ लावल्याशिवाय कळत नाही. एकदा दृश्य उभे राहिले की दर सेकंदाला किती फ्रेम दिसणार हे ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर ठरवतात. एसएसडीने फ्रेम वाढत नाहीत. हे चित्र बदलण्याचा प्रयत्न चालू आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये सेकंदाला ५.५ जीबी वाचणारी एसएसडी आणि माहिती उलगडणारी वेगळी यंत्रणा आहे. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२२ मध्ये विंडोजसाठी डायरेक्टस्टोरेज (ड्राइव्हवरची गेमची माहिती झटपट आणण्याची सोय) खुले केले. त्याच्या पुढच्या आवृत्तीपासून उलगडण्याचे काम ग्राफिक्स कार्डावर टाकता येते. ते वापरणारे गेम अजून मोजकेच आहेत. मोठ्या जगाचे काही नवे गेम मात्र एसएसडी असणे ही किमान अट म्हणूनच लिहितात. तेव्हा चौथ्या पिढीची मध्यम दर्जाची एनव्हीएमई आज पुरेशी आहे. पाचव्या पिढीसाठी लागणारे जादा पैसे ग्राफिक्स कार्डात घालावेत.

क्षमतेचे तसे नाही. मोठा गेम एकटाच १०० जीबीच्या पुढे जातो. कंपन्या १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात, विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते, म्हणून १ टीबीची ड्राइव्ह पडद्यावर ९३१ जीबी दिसते. त्यातून विंडोज, अपडेट आणि कॉलेजची सॉफ्टवेअर वजा करावीत. शिवाय दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, कारण फ्लॅशवर जुन्या माहितीच्या जागी थेट लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि ही हलवाहलव करायला कंट्रोलरला (ड्राइव्हचा कारभार पाहणाऱ्या चिपला) मोकळी जागा हवी असते. ५१२ जीबीत तीन-चार मोठे गेम बसले की ओढाताण सुरू होते : एक उडवा, दुसरा उतरवा. १ टीबी ही खालची मर्यादा मानावी आणि परवडत असेल तर २ टीबी घ्यावी.

प्रत ठरते ती मुख्यतः एका कप्प्यात किती बिट कोंबले आहेत यावर. टीएलसी प्रकारच्या चिपमध्ये तीन, क्यूएलसीत चार. चार बिटांसाठी भाराच्या सोळा पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. त्यामुळे लिहिणे मंदावते आणि झीज वाढते. हा मंदपणा झाकण्यासाठी ड्राइव्ह काही भाग एका बिटाचा मानून आधी तिथे झपाट्याने लिहिते. तो भाग भरला की खरा वेग उघडा पडतो, आणि काही क्यूएलसी ड्राइव्ह तेव्हा हार्ड डिस्कच्या पातळीला येतात. एका ड्राइव्हवरून दुसरीवर अख्खी लायब्ररी हलवताना हे जाणवते, नुसते खेळताना नाही. डीरॅम (स्वतःची जलद तात्पुरती स्मृती) नसलेल्या एनव्हीएमई ड्राइव्ह संगणकाच्याच रॅमचा छोटा भाग उसना घेतात. गेमसाठी ही सोय चालते. झिजण्याची भीती फार बाळगली जाते. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हला बहुधा ६०० टीबी लिखाणाची किंवा पाच वर्षांची हमी असते, जे आधी संपेल ते. रोज १०० जीबीचा नवा गेम उतरवला तरी ६०० टीबी व्हायला सोळा वर्षे लागतील.

इंदूरपुरता सर्वात महत्त्वाचा मुद्दा उष्णतेचा. मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. माळव्याची रात्र थंड म्हणून नावाजलेली आहे आणि खेळही बहुधा रात्रीच रंगतो. पण गच्चीखालच्या खोलीचे छत दिवसभर तापलेले असते आणि ते रात्री उशिरापर्यंत निवत नाही. बहुतेक घरगुती ड्राइव्हना ७० अंशांपर्यंत चालवण्याची मुभा असते. त्याच्या आसपास वा पुढे गेल्यावर कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. खोलीच ३५ अंशांवर असेल तर हाताशी उरणारे अंतर कमी होते. अनेक मदरबोर्डांवर एक खाच ग्राफिक्स कार्डाच्या वर आणि दुसरी थेट त्याच्या खाली असते. खालच्या खाचेला कार्डाची गरम हवा लागते. मुख्य ड्राइव्ह वरच्या खाचेत बसवावी. तिला लेनही सहसा थेट प्रोसेसरकडून मिळतात. मदरबोर्डासोबत येणारी उष्णताशोषक पट्टी जरूर लावावी, मात्र तिच्या थर्मल पॅडवरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रा आधी सोलावा. तो राहून गेला तर पट्टीचा उपयोग बराच कमी होतो, आणि घाईत जुळवलेल्या संगणकांत तो राहतो. पाचव्या पिढीच्या ड्राइव्ह जास्त वीज खातात, म्हणून उन्हाळ्याच्या दृष्टीनेही त्या या शहराला कमी सोयीच्या आहेत.

पावसाळ्यात वीज अचानक गेली तर लिहिली जात असलेली माहिती अर्धवट राहू शकते. सर्व्हरच्या ड्राइव्हमध्ये त्या क्षणापुरती वीज धरून ठेवणारे कपॅसिटर असतात, घरगुती ड्राइव्हमध्ये बहुधा नसतात. यूपीएस हवाच.

फ्लॅश चिप बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या आहेत : सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन, किओक्सिया, सॅनडिस्क आणि चीनची वायएमटीसी. बाकीचे ब्रँड त्यांच्याच चिप घेऊन ड्राइव्ह जुळवतात, आणि काही वेळा नाव तेच ठेवून आतली चिप बदलतात. म्हणून वर्षापूर्वीच्या परीक्षणावर पूर्ण विसंबू नये. किमतीही स्थिर नसतात. २०२३ मध्ये त्या बऱ्याच उतरल्या होत्या, २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरच्या मागणीने पुन्हा चढल्या. दुकानात कच्च्या बिलावर थोडे स्वस्त मिळते, पण हमीसाठी बहुधा जीएसटीचे पक्के बिल लागते आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्यावा. संगणक सुरू झाल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रामने आतापर्यंत किती लिखाण झाले आणि किती तास चालली हे पाहावे. नव्या म्हणून घेतलेल्या ड्राइव्हने शेकडो तास दाखवले, तर ती वापरलेली आहे. ती त्याच दिवशी परत न्यावी.